दुबार पेरणी

जळगाव म्हटलं की समोरचा माणूस खानदेशात पोहोचतो. त्याला तिथून परत आणावं लागतं. ते नव्हे हो, आमचं जामोदचं. बुलढाणा जिल्ह्याचं उत्तरेचं टोक. मागे सातपुडा, पुढे काळी जमीन, आणि रेल्वेत बसायचं तर आधी नांदुरा गाठायचं. इथे आमचं बियाण्या-खतांचं दुकान आहे. दुकान यांच्या नावावर, उधारीची वही माझ्या ताब्यात. एकतीस वर्षं झाली.

आमच्याकडे दोन हंगाम एकदमच येतात. फ्रेंच ओपनची फायनल होते त्या सुमारास मृग लागतं, आणि विम्बल्डन सुरू होतं तेव्हा आर्द्रा नक्षत्र असतं. काउंटरच्या बाहेर सरकीच्या पाकिटांसाठी गर्दी आणि गल्ल्याला टेकवून ठेवलेल्या माझ्या मोबाइलवर पांढऱ्या कपड्यांतल्या मुली. मागच्या, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात एक नेहमीचे गिऱ्हाईक पाकिटं मोजता मोजता थांबले.

"काकू, थे पोट्टी कायले रडून राह्यली?"

"पहिल्याच फेरीत हरली."

"मंग? पैसे तं भेटले असतीन?"

"भेटले ना. सहासष्ट हजार पौंड. आपले पाऊण कोटी धरा."

त्यांनी पाकिटं खाली ठेवली. "हरून?"

"हरून."

"मंग आपन कायले कपाशी पेरून राह्यलो?"

दुकानात हशा पिकला. मीही हसले, पण रात्री वही लिहिताना ते वाक्य मनातून जाईना. कारण त्या मोबाइलमध्ये त्यांना जे दिसलं ते शेंड्यावरचं बोंड होतं. खालचं झाड त्यांनी पाहिलेलं नाही. मी थोडं पाहिलं आहे, कारण माझी भाची टेनिस खेळते.

०००

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लग्नानंतर पुण्याला गेली. पोर नऊ वर्षांची असताना तिला उन्हाळ्याच्या शिबिराला घातलं, कारण सुट्टीत घरात धिंगाणा घालायची. तेव्हा कुणाला वाटलं होतं, की हे शिबिर पुढे तेरा वर्षं संपणार नाही!

टेनिसचं कोर्ट मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते तिच्यामुळे. तोवर माझं टेनिस टीव्हीवरचं. लग्न नवीन होतं तेव्हा, १९९३ च्या विम्बल्डन फायनलमध्ये याना नोवोत्नानं स्टेफी ग्राफसमोर तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी आघाडी घेतली, हातातला सामना घालवला आणि बक्षीस द्यायला आलेल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "लेकरू हाय बिचारं." १९९७ मध्ये नोवोत्ना पुन्हा फायनलला आली आणि पुन्हा हरली. १९९८ मध्ये तिसऱ्यांदा आली आणि जिंकली. मला हा खेळ आवडू लागला तो त्या पाच वर्षांमुळे. आपल्याकडे पहिला पाऊस दगा देतो, उगवलेलं जळून जातं आणि शेतकरी पुन्हा बियाणं न्यायला दुकानात येतो. त्याला आम्ही दुबार पेरणी म्हणतो. कधी कधी तिबार. नोवोत्नाची तिबार होती.

भाचीमुळे मला या शेतीचा खर्चाचा रकाना कळला. बूट दोन-तीन महिन्यांत घासून जातात. रॅकेटची तार तुटते, गटिंग पुन्हा करावं लागतं. एक रॅकेट घेऊन कुणी सामन्याला उतरत नाही, दोन-तीन लागतात. बॉलचे डबे, कोर्टाची फी, कोचची फी, फिजिओ. त्यावर प्रवास. आणि मुलगी पुरती जाणती होईतो तिच्याबरोबर मोठं माणूस. म्हणजे दोन तिकिटं, दोघांचं जेवण आणि त्या मोठ्या माणसाची बुडालेली रजा. मुलगा असता तर सोळाव्या वर्षी एकटा गाडीत बसवून दिला असता, असं बहीण एकदा म्हणाली. ती तक्रार नव्हती, हिशोब होता. मुलीच्या खेळात हा रकाना जास्तीचा असतो.

०००

आता झाडाची बुडापासून ओळख करून देते.

व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा असतात. त्यांना डब्ल्यू-१५, डब्ल्यू-३५, डब्ल्यू-५०, डब्ल्यू-७५, डब्ल्यू-१०० अशी नावं आहेत. डब्ल्यू म्हणजे विमेन, आणि पुढचा आकडा म्हणजे स्पर्धा जिंकणारीला मिळणारे क्रमवारीचे गुण. डब्ल्यू-१५ मध्ये बक्षिसाचे एकूण पंधरा हजार डॉलर साऱ्या खेळाडूंत वाटायचे. आठवडाभर खेळून जी स्पर्धा जिंकते तिला साधारण दोन हजार डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरणारीला दोनशे डॉलरही मिळत नाहीत. त्यात विमानाचं तिकीट सोडा, हॉटेलचं भाडंही निघत नाही.

त्याच्या वरची पायरी डब्ल्यूटीएची, म्हणजे महिला टेनिस संघटनेची. बिली जीन किंगच्या पुढाकारानं ती १९७३ मध्ये उभी राहिली, आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपननं पुरुष आणि स्त्रियांना सारखं बक्षीस दिलं. विम्बल्डनला तीच गोष्ट करायला २००७ साल उजाडलं. डब्ल्यूटीएच्या स्पर्धा १२५, २५०, ५००, १००० अशा चढत जातात. इथेही आकडा जिंकणारीला मिळणाऱ्या गुणांचाच. सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम. तिथे विजेतीला २००० गुण. मुख्य स्पर्धेत १२८ जणी खेळतात. त्यातल्या शंभराहून थोड्या जास्त जणी क्रमवारीच्या जोरावर थेट येतात. बाकीच्यांपैकी बहुतेकींना आधी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकावे लागतात. माझ्या गिऱ्हाइकानं जी रडणारी पोरगी पाहिली, ती ही सगळी चढण चढून आली होती.

आता गुणांचा नियम. हा नीट समजून घ्या, कारण साऱ्या चढउताराचं मूळ यात आहे. मिळवलेला गुण बावन्न आठवडे टिकतो. वर्ष झालं की गळतो. गेल्या वर्षी जिथे जिंकलात तिथे यंदा निदान तेवढंच केलं नाही, तर खाली येता. आमच्या वहीत 'मागील बाकी' असा रकाना आहे. शेतकऱ्याचं जुनं येणं असो की देणं, पुढच्या पानावर येतंच. टेनिसच्या वहीत तो रकानाच नाही. दरवर्षी पान कोरं.

इंग्लंडच्या एमा राडुकानूचं पाहा. २०२१ मध्ये क्रमवारीत १५० वी असताना पात्रता फेरीतून अमेरिकन ओपनमध्ये आली, दहा सामने खेळली, एकही सेट हरली नाही आणि विजेती झाली. वय अठरा. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत हरली. जुने गुण गळाले आणि ती अकराव्या क्रमांकावरून थेट ८३ वर आली. एका वर्षात तिचा खेळ बहात्तर पायऱ्यांनी बिघडला असं कुणी म्हणणार नाही. पण यादीला खेळ दिसत नाही, तारीख दिसते.

आणि यादीत नाव लागणं हीच मोठी गोष्ट आहे. तीन वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये गुण मिळाले पाहिजेत किंवा एकूण दहा गुण झाले पाहिजेत. त्याशिवाय क्रमवारीत नावच येत नाही. डब्ल्यू-१५ च्या मुख्य स्पर्धेत एक सामना जिंकला की एक गुण. माझ्या भाचीनं तो दोनदा मिळवला. दोन स्पर्धा, दोन गुण. तिसरा हवा होता. घोटा मुरगळला, तीन महिने गेले. मग पहिल्या फेरीत तीनदा हरली. तेवढ्यात पहिल्या गुणाचे बावन्न आठवडे भरले. तिचा रात्री फोन आला: "मावशी, दोनाचा एक झाला." मला काय बोलावं कळेना. आमच्याकडे सोयाबीन काढून गंजी मारलेली असते आणि परतीचा पाऊस येतो, तेव्हाही असंच होतं. कोणी काही बोलत नाही.

०००

मराठी मुलखातल्या बायकांचा टेनिसशी संबंध कालपरवाचा नाही, हे मला भाचीनंच सांगितलं. १९३४ मध्ये लीला राव या मुंबईच्या मुलीनं विम्बल्डनमध्ये पहिला सेट गमावून सामना जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई पंडिता क्षमा राव, जन्म पुण्याचा. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची चरित्रं त्यांनी संस्कृत पद्यात लिहिली, आणि त्या स्वतःही टेनिस खेळत. तुकोबांवर संस्कृत श्लोक रचणारी आई आणि विम्बल्डन खेळणारी लेक! पण ते सुस्थितीतलं, विद्येचं आणि क्लबात जाता येणारं घर होतं. बियाण्याची चिंता नव्हती. एका सामन्यानंतर वाट रुळत नाही. खुल्या टेनिसच्या युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री निरुपमा वैद्यनाथन. ते साल १९९८, स्पर्धा ऑस्ट्रेलियन ओपन. मध्ये चौसष्ट वर्षं.

मग सानिया. तिला सगळे हैदराबादची म्हणतात आणि ती आहेच, पण जन्म मुंबईचा, १९८६ चा. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत पोहोचली, त्याच वर्षी हैदराबादची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली आणि अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. २००७ मध्ये एकेरीत २७ वी. आमच्या गावातल्या पोरी तिच्यासारखी नथनी मागायला लागल्या होत्या. २००८ मध्ये मनगटाची शस्त्रक्रिया झाली. केससुद्धा विंचरता येत नव्हते, असं तिनं पुढे सांगितलं आहे. ज्या हातानं घर चालतं तोच हात गेला.

इथवरची गोष्ट उभं पीक गेल्याची. मला त्यापुढची महत्त्वाची वाटते. तिनं पीक बदललं. शरीर एकेरीचा मार सहन करत नाही हे मान्य करून वयाच्या पंचविशी-सव्विशीत एकेरी सोडली आणि दुहेरीवर लक्ष दिलं. १३ एप्रिल २०१५ ला ती दुहेरीत जगात पहिली झाली. मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन, अमेरिकन आणि पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन. मिश्र दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम वेगळीच. हिंगिस आणि ती, दोघींनी लागोपाठ ४१ सामने जिंकले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. तो सव्वा वर्षाचा असताना, जानेवारी २०२० मध्ये ती होबार्टला परतली आणि पहिल्याच स्पर्धेत दुहेरी जिंकली. शेवटची ग्रँड स्लॅम स्पर्धा २०२३ ची ऑस्ट्रेलियन ओपन. रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची फायनल, आणि हार. त्यानंतर महिन्याभरात दुबईत खेळणं थांबवलं.

बाळंतपणाबद्दल एक गोष्ट आमच्या दुकानातल्या बायकांना सांगितली तेव्हा त्यांनी नीट कान दिला. नोकरीत बाळंतपणाची रजा असते. टेनिसमध्ये कुणी नोकरीला नसतं. खेळला नाहीत तर गुण गळणार, आणि बाळ काही बावन्न आठवड्यांच्या हिशोबानं येत नाही. म्हणून डब्ल्यूटीएनं नियम केला, की आई झालेली खेळाडू बाळाच्या जन्मापासून तीन वर्षांपर्यंत आपली जुनी क्रमवारी वापरून ठरावीक स्पर्धांत प्रवेश घेऊ शकते. २०२५ पासून पगारासारखे बारा महिन्यांपर्यंत पैसे देणारा निधीही सुरू झाला. आणि विम्बल्डनमध्ये पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची आतली चड्डी घालायला परवानगी मिळाली ती २०२३ मध्ये! इतकी वर्षं पोरी पाळीच्या दिवसांत पांढऱ्याशुभ्र कपड्यांत जगासमोर खेळत होत्या. हे ऐकून एक म्हातारी म्हणाली, "हे नेम मानसानं केले असतीन." आता काय सांगणार तिला!

०००

सानिया मोठी होती, तिच्याकडे नाव होतं, पीक बदलायला जमीन होती. मधल्या पायरीवरच्या मुलींचं काय?

अंकिता रैना अहमदाबादची, काश्मिरी पंडितांच्या घरातली. पण ती घडली पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली. टेनिससाठी घरदार सोडून पोर आपल्याकडे आली, म्हणून मी तिला आपल्यातच धरते. २०१८ च्या आशियाई खेळांत एकेरीचं कांस्य. वर्षानुवर्षं छोट्या स्पर्धांत गुण वेचत, ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत धडका देत ती मार्च २०२० मध्ये १६० व्या क्रमांकावर आली. कारकिर्दीतला सर्वांत वरचा क्रमांक. त्याच महिन्यात ती, ऋतुजा भोसले आणि सानिया यांच्या संघानं दुबईत देशाला महिला संघांच्या जागतिक स्पर्धेच्या प्लेऑफपर्यंत नेलं, आणि त्याच महिन्यात करोनामुळे जगभरचं टेनिस बंद पडलं. ऑगस्टपर्यंत बंद. माल भरात आणि बाजार समितीला कुलूप, हे आम्हीही त्या वर्षी भोगलं. तिचं वय सत्तावीस. तसे पाच महिने परत येत नाहीत.

२०२१ च्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या एकेरी पात्रतेत शेवटच्या फेरीत हरली. एक सामना कमी पडला. पण मेलबर्नला गेली, दुहेरीत मुख्य स्पर्धेत खेळायला मिळालं, आणि तिथेच पुढच्या आठवड्यांत फिलिप आयलंड ट्रॉफीत कामिला राखिमोव्हाबरोबर दुहेरी जिंकली. तिचं पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपद. एकेरीचं दार बंद झालं तरी ज्या गावी गेली, तिथेच दुहेरीचं उगवलं.

अंकिताबद्दल आणखी एक आठवण भाची नेहमी सांगते. २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर डब्ल्यूटीए-१२५ ची स्पर्धा झाली. अंकिता उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. स्पर्धा जिंकली ती बेलारूसची एक एकोणीस वर्षांची मुलगी, आर्यना सबालेन्का. सहा वर्षांनी ती जगात पहिली झाली. एकाच कोर्टवर त्या आठवड्यात दोघी होत्या. एकीची वाट शेंड्यापर्यंत गेली, दुसरीची १६० पर्यंत. पण १६० म्हणजे काय हे माझ्या भाचीला विचारा, जिचे दोन गुण झाले तरी यादीत नाव लागेना.

माझ्या मनाजवळची मात्र प्रार्थना ठोंबरे. का, तर ती बार्शीची. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आमच्यासारखंच बाजारपेठेचं. तिथली मुलगी पुढे हैदराबादला सानियाच्या अकादमीत गेली आणि विसाव्या वर्षी, २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांत सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य घेऊन आली. २०१६ मध्ये दोघी रिओ ऑलिंपिकला. पहिल्याच फेरीत चीनची जोडी समोर. ६-७, ७-५, ५-७. इतकी जवळची हार. ऑलिंपिक चार वर्षांनी एकदा येतं आणि तिचं एका सामन्यात संपलं.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपची, म्हणजे महिला संघांच्या त्याच जागतिक स्पर्धेची, आशिया-ओशनिया गटाची लढत झाली तेव्हा भारताच्या संघात प्रार्थना होती. वय तिशीचं, रिओला नऊ वर्षं होत आलेली. एकेरीत श्रीवल्ली भमिडिपती आपले सगळे सामने जिंकली आणि भारत प्लेऑफला पात्र ठरला. भाची ते बघायला गेली होती. तिनं मला फोटो पाठवला तो श्रीवल्लीचा नाही, सरावानंतर पिशवी भरणाऱ्या प्रार्थनाचा. खाली लिहिलं होतं, "मावशी, ही अजून आहे."

आणि पुण्याची ऋतुजा भोसले. तिनं तिसरी वाट धरली. किशोरवयातच देशाच्या संघात आली, आणि मग अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळायला गेली. पूर्वी आपल्याकडे म्हणत, मुलगी कॉलेजात गेली म्हणजे टेनिस सुटलं. आता तसं राहिलं नाही. अमेरिकेची डॅनियल कॉलिन्स विद्यापीठातून पदवी घेऊन आली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली. शिष्यवृत्ती म्हणजे शेताला बांध घालण्यासारखं आहे. चार वर्षं पाणी वाहून जात नाही. कोच, कोर्ट, फिजिओ विद्यापीठाचे, आणि शेवटी हातात पदवी. ऋतुजा परत आली, पुन्हा छोट्या स्पर्धांतून खेळली, आणि ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई खेळांत त्रेचाळीस वर्षांच्या बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या फायनलला उतरली. समोर चायनीज तैपेईची जोडी. पहिला सेट २-६. मग ६-३. मग निर्णायक टायब्रेक १०-४. सुवर्ण. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं, मी काउंटरवर हात आपटला तो यांनी आतून ऐकला.

०००

२०२३ च्या जुलैतली एक गोष्ट सांगते. १५ जुलैला विम्बल्डनची फायनल चेकियाच्या मार्केता वोंद्रोशोव्हानं जिंकली. मानांकन नसताना तिथे एकेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. आदल्या वर्षी ती विम्बल्डनला आली होती ती मनगट प्लास्टरमध्ये घालून, मैत्रिणीचा सामना बघायला. पुन्हा मनगट! मी खूश होते. बरोबर एका आठवड्यानं, २२ जुलैला, आमच्या जळगाव जामोद आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यावर आभाळ फाटलं. नद्यानाले शेतांतून गेले. पीक तर गेलंच, काहींची मातीच गेली. त्या आठवड्यात वही उघडायची मला हिंमत झाली नाही.

२०२४ मध्ये वोंद्रोशोव्हा गतविजेती म्हणून विम्बल्डनला आली आणि पहिल्या फेरीत हरली. आमच्यापैकी काहींनी त्याच वर्षी चांगला कापूस घेतला. कुणाचं कधी फिरेल याचा नेम नाही. आमच्या तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. शेतात गोल करून धान्यं ठेवतात आणि रात्रीतून दाणे कसे हलले यावरून पहाटे पावसापाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. विदर्भ-खानदेशातून लोक ऐकायला येतात. ते खरं किती, खोटं किती, या वादात मी पडत नाही. पण तिथून परतलेला शेतकरी, भाकीत कसंही असो, जूनमध्ये माझ्या काउंटरवर येतोच. अंदाज ऐकायला जातो, पेरायचं ते आधीच ठरलेलं असतं.

टेनिसमधल्या चढउतारांबद्दल जे छापून येतं त्यात जिद्द, चिकाटी, मनाची ताकद असे शब्द असतात. ते खोटे नाहीत. पण एकतीस वर्षं उधारी लिहिणारी बाई म्हणून मला एवढंच म्हणायचं आहे, की जिद्द पुष्कळ जणांकडे असते. दुबार पेरणी तोच करू शकतो, ज्याला दुसऱ्यांदा बियाणं मिळतं. सानियाकडे नाव होतं, ऋतुजाला विद्यापीठ मिळालं, अंकिताला पुणं. ज्यांना यातलं काही मिळालं नाही त्यांची नावं मला माहीत नाहीत, तुम्हालाही नाहीत. त्यांचा खेळ कमी होता असं कशावरून म्हणायचं? आता सोलापूर, पुणे, नवी मुंबई इथे महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. त्याचा मोठा अर्थ माझ्या लेखी एवढाच, की एका मुलीचं परदेशाचं तिकीट वाचतं आणि त्या पैशात ती आणखी एकदा पेरू शकते.

०००

भाची या दिवाळीत आली होती. बावीस वर्षांची आहे. उरलेला एक गुणही गळाला होता. घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला, तो मीच स्वयंपाकघरात दाबला. दुपारी दुकानात येऊन बसली, वही चाळत. "मावशी, या माणसाचं नाव तीन वेळा का?" म्हटलं, जूनमध्ये पेरलं, उगवलं नाही. जुलैत पेरलं, वाहून गेलं. मग तूर घेतली. "फेडलं का त्यानं?" म्हटलं, निम्मं. निम्मं येईल.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, की ट्युनिशियात मोनास्तीर म्हणून गाव आहे. तिथे आठवड्यामागून आठवडा डब्ल्यू-१५ स्पर्धा असतात. एकदा गेलं की लागोपाठ चार खेळता येतात, तिकीट एकच. नागपूरची एक मुलगी जाणार आहे, तिच्याबरोबर खोली वाटून घेता येईल. आईबाबांकडे आता मागवत नाही. इतकं सांगून ती खाली बघत बसली.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी चष्मा पुसला, वही आपल्याकडे ओढली, नवीन पान काढलं, तिचं नाव घातलं, रक्कम घातली. मग पिकाच्या रकान्यावर पेन थांबलं.

"कायच्यासाठी लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "दुबार पेरणी."